आहार-सल्ला : किराण्याच्या यादीतला हिशेब

या वेळच्या टपालातील निम्म्याहून अधिक पत्रे महागाईविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रे निवडली असून लांब पत्रे आशय राखून संक्षेपाने दिली आहेत. भाव ज्या वाचकांनी कळवले, त्यांच्या उत्तरात त्यांचेच भाव धरले आहेत. आपल्या गावचा भाव वेगळा असेल तर आकडा बदलेल, हिशेबाची रीत बदलणार नाही.

प्रश्न : आम्ही घरात पाच माणसे आहोत. यजमान यंत्रमागावर पाळीने जातात, मी घरी शिलाईकाम करते, मुलगा नववीत व मुलगी सहावीत आहे, सासूबाईंना मधुमेह आहे. अंडी चालतात, मटण सणावारीच होते. महिन्याची यादी व भाव सोबत लिहिले आहेत : तेल ६ लिटर (१५० रुपये), साखर ६ किलो (४५), तूरडाळ, मूगडाळ व बेसन मिळून साडेचार किलो (तूरडाळ १२०), फरसाण २ किलो (२४०), नूडल्सचे १२ पुडे (१५) आणि रोज दहा रुपयांचे दोन बिस्किटपुडे. मुलगा सारखा दमलो म्हणतो. पौष्टिक खायचे तर खर्च वाढणार. तो कोठून आणायचा?
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, भावांसह यादी पाठवलीत, त्यामुळे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. तुमची यादी वाचताना प्रथम नजर गेली ती डाळींवर. साडेचार किलो डाळ पाच माणसांत तीस दिवस वाटली, तर माणशी रोज ३० ग्रॅम येते. म्हणजे पाच जणांच्या आमटीला दीडशे ग्रॅम, जेमतेम एक वाटी डाळ. अशा आमटीत डाव घातला की वर नुसते पिवळे पाणी येते, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईने ती आणखी वाढवलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहारासाठी डाळी, कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून रोज ८५ ग्रॅम सांगितले आहेत. तेवढे गाठणे तुमच्या रकमेत एकदम जमणार नाही, हे मला दिसते. पण ३० वरून ५० वर जाता येईल, आणि तेही खर्च न वाढवता.

त्यासाठी दुसरीकडे पाहू. त्याच मार्गदर्शिकेत वरून घालायचे तेल-तूप माणशी रोज २७ ग्रॅम धरले आहे. पाच माणसांचे महिन्याला ते जवळजवळ साडेचार लिटर होते. तुमच्याकडे सहा लिटर लागते, शिवाय फरसाणातले तेल निराळेच. साखर माणशी २५ ग्रॅम धरली तरी पावणेचार किलो पुरते, आणि सासूबाईंचा चहा बिनसाखरेचा असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा तेल साडेचार लिटरवर, साखर चार किलोवर, फरसाण अर्ध्या किलोवर आणि नूडल्सचे पुडे चारवर आणा, आणि बिस्किटांचा पुडा दिवसाआड एकच ठेवा. तुमच्याच भावांनी हिशेब केला तर तेलाचे २२५, साखरेचे ९०, फरसाणाचे ३६०, नूडल्सचे १२० आणि बिस्किटांचे ४५० मिळून १२४५ रुपये मोकळे होतात.

या पैशांत हरभरे, अख्खा मसूर, मटकी आणि शेंगदाणे प्रत्येकी एक किलो घ्या. हरभरे व मसूर ९० रुपये, मटकी १३० आणि शेंगदाणे १४० धरले, तर साडेचारशे रुपये झाले. सात रुपयांचे अंडे धरून दोन्ही मुलांना रोज एक, अशी साठ अंडी ४२० रुपयांना येतात. कडधान्य-डाळ आता साडेसात किलो झाली, म्हणजे माणशी ५० ग्रॅम. आणि हातात ३७५ रुपये उरले, ते पालेभाजीला व पेरू-केळ्यांना ठेवा.

बिस्किटांवर मी एवढी का अडून बसले आहे, तेही सांगते. आपण भाव किलोने पाहतो आणि त्यातच फसतो. दहा ग्रॅम प्रथिने मिळवायला किती रुपये पडतात, असा हिशेब करून पाहा. तूरडाळीतून ती साधारण साडेपाच रुपयांत मिळतात, अख्ख्या मसुरातून चार रुपयांत, शेंगदाण्यांतून सहा रुपयांत आणि अंड्यांतून अकरा रुपयांत. बिस्किटात शंभर ग्रॅमला बहुधा सहा-सात ग्रॅमच प्रथिने असतात, त्यामुळे तेवढ्यासाठी दोन पुड्यांहून अधिक फोडावे लागतील, आणि सोबत मैदा, साखर व वनस्पती तेल पोटात जाईल ते वेगळेच. दहा रुपयांचा पुडा स्वस्त वाटतो, कारण तो दहा रुपयांचा असतो, एवढेच. रात्रपाळीच्या डब्यात यजमानांना चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे-शेंगदाणे द्या. पहाटेपर्यंत पोटाला आधार राहतो.

मटकी रात्री भिजत घाला, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत झाकून ठेवा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आणि थंडीत दुसऱ्या दिवशी मोड येतात, आणि एका वाटीच्या जवळजवळ अडीच-तीन वाट्या होतात. मोड आल्याने त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह शोषण्यास अडथळा करणारे घटक कमी होतात. शिवाय उसळ भरपूर दिसते, आणि मुलांसमोर तेही महत्त्वाचे असते. अख्खा मसूर तुमच्या भागात ढाब्यांवर पैसे मोजून खाल्ला जातो. घरी तो दोन तास भिजवून एका शिट्टीवर शिजवावा, कांदा आणि कांदा-लसूण मसाला अगदी बेताच्या तेलात परतून त्यात सोडावा, आणि शिजलेल्यापैकी पळीभर मसूर घोटून रश्शाला दाटपणा आणावा. शेंगदाण्याचे कूट व खोबरे घालून दाट करण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

सासूबाईंना उसळ अधिक आणि भात कमी, एवढे पाळा. भाकरी मधुमेहात चालते म्हणून कितीही चालते, असा समज अनेक घरांत आहे. ज्वारीच्या भाकरीनेही रक्तातील साखर वाढतेच, तेव्हा भाकरीची संख्या मोजूनच ठेवावी आणि डॉक्टरांनी दिलेले पथ्य मोडू नये. बाकी, ज्वारीसाठी ओढाताण करू नका. कधीकाळी भाकरी हे गरिबाचे अन्न होते. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले आणि आज चांगल्या शाळूचा भाव पुष्कळ ठिकाणी गव्हाच्या वर आहे. रेशनचा गहू मिळत असेल तर कोंडा न चाळता त्याच्या पोळ्या करा, त्यांच्या जोडीला डाळ-उसळ असली म्हणजे झाले. गहू-तांदळात जे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी असते ते डाळीत भरपूर असते आणि डाळीतली उणीव धान्य भरून काढते, त्यामुळे वरण-भात काय किंवा पोळी-उसळ काय, ही जोडी एकत्र असताना एकट्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

मुलाचे दमणे महिनाभरात कमी झाले नाही, तर त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि तुम्ही स्वतः कोणत्या पंक्तीला जेवता ते पत्रात लिहिलेले नाही. उसळ वाढताना पाच वाट्या आधी काढून ठेवायच्या, एवढी सवय लावून घ्या.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ९.२ निघाले. गोळ्यांनी मळमळते म्हणून तिने त्या सोडल्या. मी बीट, डाळिंब, खजूर आणि गूळ यांवर आठवड्याला दोनशे रुपये खर्च करते, पण तीन महिन्यांत फरक नाही. यापेक्षा स्वस्त उपाय आहे का?
— एक आई, नाशिक

उत्तर : स्वस्त उपाय आहे, पण पहिली गोष्ट गोळ्यांची. पंधरा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे लागते, ९.२ वरून ते केवळ जेवणाने भरून येण्याची वाट पाहणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल. डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन मळमळीचे सांगा. गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलता येते आणि रात्री जेवणानंतर घेतल्यास अनेकींना त्रास कमी होतो. गोळी दूध किंवा चहाबरोबर घेऊ नये. शौचाचा रंग काळपट होतो, त्याने घाबरून जाऊ नये. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही कमतरता होऊ नये म्हणून असते, तुमच्या मुलीला उपचाराची मात्रा हवी आहे. जंतांचे औषध तिने घेतले आहे का, हेही विचारून घ्या. ही कथा एकट्या तुमच्या घरची नाही : २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते.

आता दोनशे रुपयांविषयी. लाल रंगाचे जे जे, ते रक्त वाढवते, हा समज आपल्याकडे फार खोल गेला आहे. बीट आणि डाळिंब यांच्या शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसते. गुळात थोडे असते, पण दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही पदरी पडत नाही आणि साखर मात्र पुरेपूर मिळते. याउलट शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा, मेथीत साडेपाचच्या वर आणि माठ-राजगिऱ्याच्या पाल्यात साधारण साडेचार मिलिग्रॅम लोह असते. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागते, हे लक्षात घेतले म्हणजे डाळिंबाचे दाणे किती अपुरे आहेत ते कळेल. डाळिंब हे फळ म्हणून खावे, औषध म्हणून त्यावर पैसे घालू नयेत.

पण ताटात पडलेले सगळे लोह अंगी लागत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. वनस्पतीजन्य लोह शोषले जायला क जीवनसत्त्वाची सोबत लागते, तर चहातील टॅनिन त्याच्या आड येते. जेवणावर चहा पिण्याची सवय असेल तर भाजीत घातलेले पैसे तिथेच वाया जातात. चहा आणि जेवण यांत किमान तासाभराचे अंतर असू द्या. प्रत्येक जेवणात लिंबाची फोड पिळावी, उसळीवर चिरलेली कोथिंबीर व कच्चा टोमॅटो घालावा. पेरूच्या दिवसांत रोज एक पेरू तिने खावा : शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते, आणि तो डाळिंबाच्या कितीतरी कमी किमतीत येतो. भाजी लोखंडी कढईत करावी, विशेषतः टोमॅटो-चिंच घातलेली; मात्र झाल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि मुली ताटात घेत नाहीत.

पावसाळ्यात मेथी-पालकाच्या जुडीचे भाव वाढतात तेव्हा ज्या पाल्याला भाव नसतो त्याकडे वळावे. शेवग्याचा कोवळा पाला, अंबाडी, घोळ, टाकळा, हदग्याचा पाला यांपैकी काही तरी ओळखीच्या माणसाकडून मिळते. मुळ्याचा आणि फ्लॉवरचा पाला तर भाजीवाले आपल्यासमोर तोडून बाजूला टाकतात. तो मागून घ्यावा, नीट धुवावा, मग चिरावा (चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जाते) आणि भिजवलेली मूगडाळ घालून त्याची परतून भाजी करावी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला आपण तिळाची बाजरीची भाकरी आणि शेंगदाणे, हरभरे, वाल घातलेली मिसळीची भाजी करतो. ते जेवण थंडीभर आठवड्यातून दोनदा करायला कोणाची हरकत नसावी.

प्रश्न : रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. पाण्यात टाकले की ते तरंगतात. आम्ही ते निवडून फेकून देतो. बाजारचा तांदूळ परवडत नाही. काय करावे?
— एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, ते यंत्रातून दाबून त्याला तांदळाचा आकार देतात आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात तो साध्या तांदळात मिसळतात. मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने हा पोषणयुक्त तांदूळ देशभर रेशनवर आला. दाबून केलेला दाणा खऱ्या दाण्याहून हलका व किंचित वेगळ्या रंगाचा असल्यामुळे काही दाणे तरंगतात. शंका राहिली, तर असा एक दाणा गरम पाण्यात भिजवून बोटाने चुरडून पाहा. त्याचे पीठ होईल, प्लास्टिकचे कधी होणार नाही. पोत्यावर इंग्रजी एफ अक्षराशेजारी अधिकचे चिन्ह असलेली निळी खूण असते, तीही पाहून ठेवा.

आपण निवडून टाकता तो दाणा तांदळातला सर्वांत मोलाचा असतो, याचे खरोखर वाईट वाटते. पॉलिश केलेल्या साध्या शंभर ग्रॅम तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसते. या मिश्रणाने ते तीन-चार मिलिग्रॅमपर्यंत जाते. असा तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवावा. पसावण्याची रीत असेल तर पेज टाकू नये. मीठ आणि ताक घालून ती प्यावी किंवा आमटीत वापरावी. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, आणि पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, तर त्या व्यक्तीपुरते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

रेशनच्या यादीत ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून नोंद असलेल्या घरातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. तेव्हा तांदळावर होणाऱ्या खर्चातून जे वाचते ते डाळीला लावावे, हे इचलकरंजीच्या ताईंना लिहिले तेच आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : सहा वर्षांचा नातू दुधात चॉकलेटची पौष्टिक पावडर घातल्याशिवाय दूध पीत नाही. डबा महाग आहे. नाचणीच्या सत्त्वाने तेच काम होईल का? — एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा, डब्याच्या मागची बारीक अक्षरे एकदा भिंग घेऊन वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर यादीत पहिल्या तिनांत आली असेल तर आपण सुगंधी साखर विकत घेत आहोत असे समजावे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या विभागातून काढण्यास सांगितले होते, कारण देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी कोणती व्याख्याच नाही.

नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे मोठे दोन चमचे (२० ग्रॅम) पिठातून सत्तर-एक मिलिग्रॅम मिळते. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, सावलीत खडखडीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळावी. विकतच्या सत्त्वात पुष्कळदा वस्त्रगाळ करून कोंडा काढलेला असतो. घरचे पीठ चाळायचे असेल तर रवा चाळायच्या चाळणीने चाळले तरी पुरे. पाण्यात कालवून, शिजवून मग दूध घालावे, गुठळ्या होत नाहीत. पहिल्या आठवड्यात नातू तोंड वाकडे करील. त्याच्या डब्यातली पावडर निम्मी आणि नाचणी निम्मी, असे सुरू करून हळूहळू प्रमाण उलटे करावे. आणि दूध पाहिजेच म्हणून साखर लोटण्यापेक्षा त्याला ताक-भात, दही-पोहे आवडत असतील तर दुधाचा हट्ट सोडला तरी चालेल.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहतो. मेस परवडत नाही आणि सोसवतही नाही. एक इंडक्शन शेगडी व तीन लिटरचा कुकर आहे. अर्ध्या तासात होणारे एक पोटभर जेवण सांगावे. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुमच्या आजीला विचारलेत तर ती चकोल्या सांगेल, आणि मीही तेच सांगते. काही घरांत यांना वरणफळे म्हणतात. एका माणसाला अर्धी वाटी तूर किंवा मूगडाळ, हळद आणि तीन वाट्या पाणी घालून कुकरात शिजवावी. शिट्ट्या होईपर्यंत पाऊण वाटी कणीक मीठ, ओवा व तिखट घालून पोळीसारखी भिजवावी. डाळ घोटून तीत पाणी, आमसूल, मीठ, किसभर गूळ घालावा आणि एक चमचा तेलाची मोहरी-जिरे-हिंग-लसणीची फोडणी द्यावी. उकळी फुटली की पोळी लाटून (लाटणे नसेल तर धुतलेली बाटली चालते) तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडावेत. एकदम टाकले तर गोळा होतो. सोबत चिरलेला पालक किंवा मूठभर भिजवून पिळलेल्या सोया वड्या टाकता येतात. वड्या वजनाच्या निम्म्या प्रथिनांच्या असतात आणि डाळीहून स्वस्त पडतात. दहा मिनिटे झाकण न लावता शिजू द्यावे, झाकण लावले तर वरण उतू जाते आणि शेगडी पुसत बसावे लागते. खोलीत फ्रीज नसेल तर कणीक एका वेळेपुरतीच भिजवावी.